मुलांच्या बाबतीत मौन हा धम्म नव्हे

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त तळा येथे झालेल्या सभेत एका निवृत्त शिक्षिकेने केलेले भाषण)

 

कार्यकर्ते मला आमंत्रण द्यायला घरी आले तेव्हा त्यांनी विचारले, "बाई, विषय कोणता लिहू?" मी विषय सांगितला आणि मंडळी गप्प झाली. एक जण म्हणाला, "बाई, आनंदाच्या दिवशी हा विषय?" मी म्हटले, आनंदाच्या दिवशीच. कारण आजच सगळी घरे एका छताखाली आहेत. गावची आहेत, मुंबईहून आलेली आहेत, पोरेबाळे आहेत, आजीआजोबा आहेत. हा विषय एकेका घरात कुजबुजत बोलला जातो, म्हणूनच तो संपत नाही. तो विहारात, बुद्धमूर्तीसमोर, मोठ्या आवाजात बोलला गेला पाहिजे.

विषय असा की, एखाद्या लहान मुलावर किंवा मुलीवर कुणी लैंगिक अत्याचार करीत आहे असा आपल्याला संशय आला, तर आपण काय करायचे? कुणाला सांगायचे? की गप्प बसायचे?

आधी माझीच कबुली देते. दुसऱ्याला उपदेश करण्यापूर्वी स्वतःचे माप काढावे असे मला वाटते.

साधारण तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेचे नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. माझ्या वर्गात चौथीत एक मुलगी होती. गणितात हुशार. पाढे म्हणायला सगळ्यात आधी हात वर. दिवाळीची सुट्टी संपली, शाळा भरली आणि ही पोर बदललेली. हात वर करीना. कुणी मागून आले की दचके. शाळा सुटली की सगळी मुले धावत घरी जात, ही मात्र झाडू घेऊन वर्ग झाडत बसे. झाडलेला वर्ग पुन्हा झाडे. एक दिवस मला म्हणाली, "बाई, मी तुमच्याकडे राहू?" मी हसले. म्हटले, "अगं, तुझी आई रडेल ना." तीही हसली नाही, रडलीही नाही. दप्तर उचलले आणि गेली.

माझ्या मनात शंका आली होती. आली नव्हती असे म्हणाले तर ते खोटे होईल. मी एका वयस्कर सहकाऱ्यांना विचारले. ते म्हणाले, "बाई, दुसऱ्याच्या घरात हात घालू नका. तुम्हाला इथं नोकरी करायचीय." मी मान डोलावली. मार्चनंतर ती शाळेत आली नाही. पुढे लवकर लग्न झाले असे ऐकले.

बऱ्याच वर्षांनी एस.टी. स्टँडवर ती मला भेटली. बरोबर तिची लेक होती. पाया पडली, चौकशी केली. आणि लेक जरा बाजूला गेल्यावर हळूच म्हणाली, "बाई, तुम्हाला तेव्हा कळलं होतं ना?"

ती रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरे झाले असते. मी उत्तर देऊ शकले नाही. आज इथे उभी आहे ती त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून.

बंधू-भगिनींनो, आपल्याला वाटते असे कुठेतरी शहरात घडते, वाईट वस्तीत घडते, अनोळखी माणूस करतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. 13 राज्ये, 12,447 मुले. त्यांपैकी 53 टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले. त्यात मुलगेही मुलींइतकेच होते, हे लक्षात ठेवा. त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा ज्यांच्यावर मुलाने विश्वास टाकला असे होते. आणि बहुतेक मुलांनी कुणालाच काही सांगितले नव्हते. का सांगितले नव्हते? कारण सांगायचे ज्याला, त्याच्याच पंगतीला तो माणूस जेवत असतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, 2012, म्हणजे ज्याला आपण 'पोक्सो' म्हणतो, तो 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. 18 वर्षांखालील प्रत्येक जण, मुलगा असो वा मुलगी, या कायद्याने बालक आहे. या कायद्याचे 19 वे कलम सर्वांनी पाठ करावे असे आहे. ते म्हणते की असा गुन्हा घडला आहे हे ज्याला माहीत आहे, किंवा घडण्याची शक्यता आहे अशी ज्याला धास्ती वाटते, अशा कोणत्याही व्यक्तीने ते पोलिसांना कळवलेच पाहिजे. कोणत्याही व्यक्तीने! फक्त आईबापांनी नव्हे. शिक्षिका, डॉक्टर, अंगणवाडी सेविका, शेजारी, मामा, काकी, रिक्षावाला, बौद्धाचार्य, सगळे त्यात आले. 'कळवावे' असा सल्ला नाही, 'कळवलेच पाहिजे' अशी सक्ती आहे. कळवले नाही तर 21 व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि एखाद्या संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा दडवला, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड.

लोक विचारतात, "बाई, पुरावा कुठे आहे?" पुरावा शोधणे हे आपले काम नाही, ते पोलिसांचे काम आहे. आपले काम फक्त कळवण्याचे. "आणि संशय खोटा निघाला तर?" त्याचेही उत्तर कायद्यात आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कसलीही जबाबदारी येत नाही. शिक्षा आहे ती सूड उगवण्यासाठी जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्याला. बांधाच्या भांडणासाठी मुलाचा हत्यार म्हणून वापर करणे हेही पापच आहे. पण खुद्द मुलाकडून चुकीची माहिती दिली गेली तरी मुलाला शिक्षा नाही.

हा कायदा कागदावरचा आहे असे समजू नका. चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहात लहान लहान आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे 2019 साली उघडकीस आले. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ही गोष्ट कळली होती आणि त्यांनी पोलिसांना कळवले नाही, असा त्यांच्यावर आरोप होता. उच्च न्यायालयाने डॉक्टरांवरचा गुन्हा रद्द केला होता. महाराष्ट्र शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2022 रोजी तो रद्द करण्याचा आदेश फिरवला, आणि स्पष्ट सांगितले की माहीत असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे, आणि बहुतेक वेळा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचा प्रयत्न असतो. डॉक्टर दोषी की निर्दोष हा प्रश्न त्या दिवशी नव्हता. पण 'मी काही केले नाही, मी फक्त गप्प बसलो' हे म्हणणे आता बचाव होऊ शकत नाही, एवढे त्या निकालाने ठरले.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरला काय झाले ते तुम्ही सर्वांनी ऐकले आहे. शाळेतल्या जेमतेम चार वर्षांच्या दोन मुली. पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसावे लागले. 20 ऑगस्टला हजारो लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर, कळून न कळवल्याबद्दल याच पोक्सो कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. आणि लांब कशाला, आपल्याच रायगड जिल्ह्यात, पनवेलजवळ कळंबोलीला मतिमंद मुलींच्या एका निवासी संस्थेत वर्षानुवर्षे जे चालले होते, ते उच्च न्यायालयाने नेमलेली समिती 2011 साली तिथे गेली तेव्हा बाहेर आले. 2013 मध्ये न्यायालयाने संस्थेच्या संस्थापकासह काही जणांना दोषी ठरवले. विचार करा, त्या मुलींना तर नीट बोलताही येत नव्हते. त्यांच्या वतीने बोलणे हे बघणाऱ्याचेच काम होते.

आता मी आपल्या धम्माकडे येते. कारण तुरुंगाच्या भीतीने कळवणारा माणूस उद्या पळवाटही शोधेल. मनातून पटले पाहिजे.

मज्झिम निकायात अभय राजकुमाराची गोष्ट आहे. अभय राजकुमार भगवंतांना कोड्यात पकडायला आला होता. तथागत कधी दुसऱ्याला अप्रिय वाटेल असे बोलतील काय, असा त्याचा प्रश्न होता. त्याच्या मांडीवर एक तान्हे बाळ होते. भगवंतांनी त्यालाच विचारले, तुझ्या किंवा दाईच्या नजरचुकीने या बाळाने तोंडात काडी किंवा खडा घातला तर तू काय करशील? राजकुमार म्हणाला, मी तो काढीन. सहज निघाला नाही तर एका हाताने डोके धरीन आणि दुसऱ्या हाताचे बोट वाकडे करून काढीन, रक्त आले तरी काढीन. कारण मला त्या बाळाची दया आहे.

मायबापहो, याहून दुसरे प्रवचन नको. आपल्या घरातल्या मुलाच्या घशात खडा अडकला आहे आणि आपण म्हणतो, राहू दे, काढला तर रक्त येईल. रक्त येणारच. घर हादरेल, नातेवाईक तुटतील, मिळवता माणूस तुरुंगात जाईल, लग्नकार्यात लोक तोंड फिरवतील. हे सगळे खरे आहे, मी ते खोटे म्हणणार नाही. पण खडा आत ठेवला तर मूल गुदमरते. आणि आपण ज्याला करुणा म्हणतो ती करुणा कुणाची? मुलाची, की स्वतःच्या अब्रूची?

विनयात याहून थेट नियम आहे. एका भिक्खूचा गंभीर अपराध माहीत असून दुसऱ्या भिक्खूने तो झाकला, तर झाकणाराही दोषी ठरतो. भिक्खुणींच्या बाबतीत तर अधिक कडक. संघातून कायमचे बाहेर जावे लागेल असा अपराध एका भिक्खुणीने केला आणि दुसरीने तो जाणूनबुजून लपवला, तर लपवणारीही संघाबाहेर जाते. भारताच्या संसदेने 2012 साली जे कलम केले, त्याचे बीज अडीच हजार वर्षांपूर्वीच्या विनयात आहे. भगवंतांना संघाच्या अब्रूची काळजी नव्हती काय? होती. पण झाकून अब्रू राहत नाही, हे ते जाणत होते.

इथे मी आपल्या मनातल्या सर्वांत मोठ्या अडचणीला हात घालते. आपण म्हणतो, "समाजाची बदनामी होईल. आधीच लोक आपल्याला नावे ठेवायला टपलेले आहेत." ही भीती मला समजते. आपण खूप सोसले आहे. पोलीस ठाण्याची पायरी आपल्या आजोबा-पणजोबांना कशी वाटायची तेही मला ठाऊक आहे. म्हणून मग काय होते? गावशाखेची बैठक बसते. दोन्ही घरची माणसे येतात. आरोप असलेल्याला चार शब्द सुनावतात, दंड बसवतात, त्याला काही दिवस मुंबईला पाठवतात आणि मुलीला मामाकडे. विषय मिटला असे इतिवृत्तात लिहितात. बंधूंनो, तो विषय मिटत नाही. तो माणूस मुंबईच्या खोलीत दुसऱ्या मुलाच्या शेजारी झोपतो. अशा गुन्ह्यात समेट घडवण्याचा अधिकार कोणत्याही पंचमंडळाला नाही. उलट त्या बैठकीला बसलेल्या प्रत्येकाला ती गोष्ट 'माहीत' झाली, म्हणजे 19 वे कलम प्रत्येकाला लागू झाले.

आणि कळवले म्हणून एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकाल, तर तोही गुन्हा आहे. आपल्या रायगड जिल्ह्यात वाळीत टाकण्याची किती प्रकरणे गाजली हे मी सांगायला नको. त्यानंतर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 चा कायदा झाला आणि जुलै 2017 पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बहिष्काराचे दुःख आपल्याइतके कुणी भोगले? ते आपण आपल्याच लेकराच्या आईला द्यायचे?

आता प्रत्यक्षात काय करायचे ते सांगते. बायांनो, नीट ऐका.

मूल काही सांगू लागले तर हातातले काम ठेवा आणि ऐका. "खरं सांग, खोटं बोलतोस का" असे म्हणू नका. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, चार बायकांपुढे वदवून घेऊ नका. एवढेच म्हणा, "तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही." कुणाला सांगणार नाही असे वचन मात्र देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. लगेच घडले असेल तर अंगावरचे कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा आणि मुलाला सरकारी दवाखान्यात न्या. पोलिसांचा कागद आणा मग तपासतो, असे डॉक्टरांना म्हणता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते.

ज्याच्यावर संशय आहे त्याच्या दारात जाऊन भांडू नका. तो सावध होतो आणि मूल धोक्यात येते. सरळ तळा पोलीस ठाण्यात जा. जाणे शक्य नसेल तर 112 ला फोन करा. मुलांसाठी 1098 हा फुकट नंबर आहे. 1996 साली मुंबईत चाईल्डलाईन म्हणून तो सुरू झाला, आता सरकार चालवते. गुन्हा मुंबईत घडला आणि कळले तळ्यात, तरी तळ्यातच सांगता येते. हद्दीचे कारण देऊन परत पाठवता येत नाही. सांगितलेले लिहून घेतले पाहिजे, तुम्हाला वाचून दाखवले पाहिजे, त्याला नोंदीचा क्रमांक दिला पाहिजे. घेतले नाही तर अलिबागला जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवा.

मुलाला पोलिसांची भीती वाटते, तर ऐका. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीचे वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, वर्दी न घालता, आईवडील किंवा मुलाच्या विश्वासाचे माणूस जवळ असताना. कोणत्याही कारणाने मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. कोर्टात आरोपीसमोर त्याला उभे करायचे नाही. पोलिसांनी 24 तासांच्या आत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते. मुलाला आधार देणारी व्यक्ती समिती देऊ शकते. मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्यही मागता येते. आणि आरोपी सवर्ण असून आपले मूल अनुसूचित जातीचे असेल तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही पोलिसांच्या कानावर घाला.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. मुलाचे नाव, फोटो, घर, शाळा मोबाइलच्या ग्रुपवर टाकू नका. ओळख उघड करणे हाही गुन्हा आहे. कळवायचे ते ठाण्यात, गावभर नव्हे.

शेवटी आपल्या विहाराबद्दल बोलते. इथे रविवारी मुलांचा वर्ग भरतो, वर्षावासात प्रवचने होतात, श्रामणेर शिबिरात मुले मुक्कामाला राहतात. ही आपली शोभा आहे, आणि तितकीच जबाबदारीही. राहुलला प्रव्रज्या दिली गेली तेव्हा शुद्धोदन राजाने दुःख बोलून दाखवले, आणि त्यानंतर आईबापांच्या संमतीशिवाय मुलाला प्रव्रज्या द्यायची नाही असा नियम भगवंतांनी केला. म्हणजे दस्तुरखुद्द तथागतांनी मुलांसाठी नियम बदलला. मग आपणही थोडे नियम करू. कोणत्याही कार्यक्रमात एका मोठ्या माणसाबरोबर एक मूल एकटे बंद खोलीत राहणार नाही. मुक्कामाला दोन महिला असतीलच. 1098 हा आकडा विहाराच्या भिंतीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर रंगवायचा. महिला मंडळातील दोन बहिणींची नावे मुलांना सांगायची, की काही झाले तर यांना सांगा. आणि गावशाखेने आजच ठराव करावा की अशा प्रकरणाची बैठक इथे बसणार नाही, प्रकरण थेट पोलिसांकडे जाईल. मग संशय कार्यकर्त्यावर असो, देणगीदारावर असो, की चीवर घातलेल्यावर असो.

इथून जवळच कुड्याची लेणी आहेत. आपण सहलीला जातो. तिथल्या एका दानलेखात एका वैद्याच्या घराण्याचे दान कोरलेले आहे. त्यात मुलांची नावे आहेत, तशी मुलींचीही नावे आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या मुलखातल्या एका उपासकाला वाटले की दगडावर आपल्या लेकींचेही नाव राहावे. आपण त्यांचे वारस आहोत. आपल्या लेकीचा आवाज घराच्या चार भिंतींत विरू द्यायचा नाही, एवढे तरी आपण करू.

आणि महाडचे आठवा. मुंबई कायदेमंडळाने 1923 साली ठराव केला होता, महाड नगरपालिकेने 1924 साली तळे खुले केले होते. सगळे कागदावर. तरी 20 मार्च 1927 पर्यंत पाणी कुणी घेऊ शकले नाही. बाबासाहेब चालत गेले, ओंजळ भरली, तेव्हा तो ठराव खरा झाला. 19 वे कलमही तसेच आहे. कुणीतरी उठून ठाण्यापर्यंत चालत गेले पाहिजे.

त्या दिवशी एस.टी. आली तेव्हा ती मुलगी, मुलगी कसली, आता आई झालेली, मला म्हणाली, "बाई, माझी पोरगी यंदा चौथीला आहे. तिच्या बाईंना सांगाल का, लक्ष ठेवा म्हणून?" मी त्या बाईंना जाऊन सांगितले. आज तुम्हा सर्वांना सांगते आहे. लक्ष ठेवा. दिसले तर गप्प बसू नका.

माझे दोन शब्द संपवते. सर्वांचे मंगल होवो. भवतु सब्ब मंगलं.

जयभीम! नमो बुद्धाय!